अंगठ्याचं माप

फाटलं ते बटण, पण आवाज झाला तो सासूबाईंच्या तोंडून, बारीकसा, "हं" असा, भर गर्दीत ओळखीचं माणूस तोंड फिरवून निघून गेल्यावर होतो तसा. बाजाराच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडीच्या एका बाजूला त्या उभ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला ती, त्यांची सून, दोन्ही खांद्यांना पिशव्या आणि उजवा हात दाराच्या कडीवर. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिची ही सवय होती. सासूबाईंनी किल्ली रोखायच्या आधीच आपण कडीला हात लावायचा, म्हणजे बटण दाबलं गेलं की आतली खटकन झालेली हालचाल बोटांना कळते, गाडी आपल्याला ओळखून हात देते असं वाटतं. आज हात कडीवर आणि कडी ढिम्म. सासूबाईंनी पुन्हा दाबलं. मग किल्ली चष्म्याजवळ नेली आणि त्या नुसत्याच बघत राहिल्या. उघडायच्या-बंद करायच्या एकाच बटणावरचं काळं रबर मधोमध चिरलं होतं आणि त्याचा एक तुकडा त्यांच्या अंगठ्याच्या नखाला चिकटला होता. "भोक पडलं गं," त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी किल्लीच्या धातूच्या पात्यानं दार उघडलं आणि गाडीनं चोर चोर म्हणून गळा काढला, दिवे उघडझाप करत, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असा. रखवालदार धावत आला. सासूबाई शांतपणे आत बसल्या, किल्ली फिरवली, बोंब थांबली. काच खाली करून त्या त्याला म्हणाल्या, "माझीच आहे हो. आज जरा ओळख विसरलीये." घरी येईपर्यंत सासूबाई डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा सारखा चोळत होत्या, सिग्नलला थांबलं की चोळायचा, हिरवा झाला की सोडायचा, आणि हे आपण पाहिलं असं त्यांना कळू नये म्हणून ती बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिली.

बटण ते केवढं, करंगळीच्या नखाएवढं; पण घरात त्यानं भलतंच वारं शिरलं. नवऱ्यानं किल्ली हातात घेऊन खालीवर केली, हलवून कानाशी नेली, सेल गेला असेल म्हणाला, मग भोक दिसलं आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो मोकळेपणा तिला आवडला नाही. "नवी किल्ली मागवायला काय कमी उपद्व्याप आहेत," तो आईला म्हणाला. "गाडी जुनी झालीये, आई. तूही. दोघींना विश्रांती देऊ." सासूबाई म्हणाल्या, "मला दे हवी तेवढी. ती उभीच असते." मग त्यांनी किल्ली त्याच्या हातातून काढून सुनेपुढे ठेवली. "हिच्याकडे देते. ही माणसांना दात बसवते, हिला बटण बसवायला काय." ते तसं खरंच होतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडातला ठसा पाठवतात, ती त्यात प्लास्टर ओतते, मेणात दात रचते, मेणाच्या जागी गुलाबी हिरडी आणते. ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसाचं हसू तिच्या टेबलावर तयार होतं. जेवण झाल्यावर नवरा ओट्याशी आला, नळ उगाचच जोरात सोडला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दोन दिवस तुझ्याकडे ठेव आणि सांग, होत नाही म्हणून. मी सांगितलं तर भांडेल. तुझं ऐकेल. मागे खांबाला घासली होती, आठवतंय ना? उद्या काही झालं तर आपण काय करायचं?" त्याचं चुकत होतं असंही म्हणवेना. त्याच्या आवाजात भीती होती आणि भीतीच्या आत आई होती. तिनं ताट विसळून पालथं घातलं आणि काहीच म्हटलं नाही.

कारण तिचा एक नेम होता. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून दिव्यापुढे बसायचं, एक पान वाचायचं आणि मनात म्हणायचं, आजच्या दिवशी माझ्याकडून खोटं बोलवू नकोस. फक्त आजच्या. जन्माचं व्रत आपल्याला झेपायचं नाही, त्यात फार मोठेपणा आहे, असं तिला वाटे. एका दिवसाचं झेपतं, तेवढंच घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावं. याबद्दल ती घरात कधी बोलली नव्हती, पण नवऱ्याला माहीत असणारच. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस काय लपवणार. आणि तरी त्यानं तिला हे सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी किल्ली डब्याच्या पिशवीत टाकून लॅबला गेली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "झालं का गं?" ती म्हणाली, "अजून नाही." हे खरंच होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही ते खरंच होतं. अशा रीतीनं खोटं न बोलता किती दिवस काढता येतील याचा विचार करत ती बसमध्ये उभी होती तेव्हा तिला स्वतःचीच गंमत वाटली, आणि गमतीच्या मागोमाग बारीकशी शिसारी. देवाशी वकिलासारखं बोलायला लागलीयेस, ती स्वतःला म्हणाली. मग आणखी एक वाट सुचली, ती तर वकिलालाही सुचली नसती: करायला घ्यायचं, पण वाईट करायचं. मग होत नाही हे आपोआप खरं होईल. हे सुचल्यावर ती इतकी दचकली की तिचा थांबा मागे गेला.

त्या दिवशी दुपारी तिनं खण उघडला. मेण कोरायची पातळ सुरी किल्लीच्या कडेच्या फटीत घातली आणि अलगद पिळली. शिंपल्यासारख्या दोन बाजू सुट्या झाल्या. आत गोल सेल, हिरवी पट्टी, पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन कळा, आणि वर पांघरूण म्हणून तीन फुगवटे असलेलं काळं रबर. तिनं चिमट्याच्या टोकानं मधली कळ दाबली. टक. सुरेख वाजली. म्हणजे आतलं सगळं ठणठणीत होतं, फक्त पांघरूण फाटलं होतं. तिनं ते रबर दिव्याखाली धरलं आणि भिंग ओढलं, आणि मग तिचा हात तसाच राहिला. झीज वाचणं हा तिचा धंदा. जुनी कवळी हातात आली की ती सांगू शकते की हा माणूस डावीकडून चावतो, याला दात आवळायची खोड आहे, ही बाई पेन चावते. या रबरावर पहिलं आणि तिसरं बटण जवळजवळ कोरं होतं. मधल्यावर मात्र बारीक बारीक चंद्रकोरी उमटल्या होत्या, एकीवर एक, एकीला छेदत, जुन्या पुसट आणि नव्या खोल. नखाच्या खुणा. सासूबाई अंगठ्यानं दाबतच नव्हत्या. अंगठ्यात दाबायची ताकद उरली नव्हती म्हणून त्या नखाची धार लावत होत्या, कोण जाणे किती दिवस, आणि रबर बिचारं झेपेल तितकं सोसून फाटलं होतं. बटण बिघडलंच नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं, आणि दर खेपेला तिला वाटलं, हे आपल्याला माहीत होतं. बरणीचं झाकण पुढे करून "घे, तू उघड, माझे हात ओले आहेत" म्हणणाऱ्या सासूबाई. हात कोरडे असायचे. ब्लाउजला हुकांऐवजी चेन लावून घेणाऱ्या सासूबाई. पेपरातलं कोडं सोडवताना "तू लिही, माझं अक्षर हल्ली फार सुंदर येतं, वाचता येत नाही" असं म्हणणाऱ्या. सासूबाईंचा काही सत्याचा नेम नव्हता, त्या थापा मोठ्या मजेत मारायच्या, आणि आपण त्या खोट्या ओल्या हातांसाठी खरी झाकणं उघडून देत होतो. पण अंगठा गेला म्हणजे बाई गेली का? ती डोळे मिटून मनानं त्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. हे तिला सहज जमे. आयुष्यातला केवढा तरी काळ तिनं त्या सीटवर काढला होता. सासूबाई शाळेची व्हॅन चालवायच्या. सगळ्या भागात त्यांना ड्रायव्हरबाई म्हणत, अजूनही म्हणतात. आता बाप झालेली माणसं रस्त्यात थांबवून सांगतात, मी तुमच्या मागच्या सीटवर ओकायचो. या लॅबमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला सोडायला सासूबाईच आल्या होत्या. नवीन सून, बोलायची भीती. सासूबाई म्हणाल्या, "मी इंजिन चालू ठेवते. नाही म्हणाले तर पळत ये, आपण सुसाट जाऊ." आत जाऊन ती कितीतरी वेळ बसली, मेणात एक दात कोरून दाखवला, हो म्हणाले, आणि बाहेर आली तर गाडी खरंच घरघरत उभी होती. आता ती मनातल्या मनात त्याच सीटवरून त्यांच्याकडे बघत होती, झीज वाचावी तशी. मान वळते का, वळते. आरशात बघतात का, बघतात. मागच्याच आठवड्यात गल्लीतून चेंडू आला आणि चेंडूमागून पोर येणार हे तिला कळायच्या आत गाडी उभी होती. खांबाला घासली होती ती मागे घेताना, आणि तेव्हा शेजारून त्यांचा मुलगाच "डावीकडे, डावीकडे" ओरडत होता, हेही तिला आता आठवलं. पाय शाबूत. डोळे, तिला वाटतं, शाबूत. पण वाटणं आणि माप घेणं यांत फरक असतो, तो तिच्याइतका कुणाला माहीत. अंगठा तेवढा थकला होता. आणि अंगठ्याला तिच्याकडे उपाय होता. हा उपाय आहे हे कळल्याबरोबर तिनं आनंदानं मेणाची एक वडी कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकली.

रविवारी दुपारी तिनं जेवणाच्या टेबलावर कोमट पाण्याचं भांडं ठेवलं, त्यात मेणाची वडी सोडली आणि म्हणाली, "आई, जरा उजवा अंगठा द्या."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अंगठा घेतेयस? आधी सांग, काय काय लिहून घेणारेस. घर तुझ्या सासऱ्यांच्या नावावर होतं, ते आधीच मुलाकडे गेलंय."

"तुमची गाडी लिहून घेते."

"मग देत नाही जा."

पण दिला. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि तिला जाणवलं की हा हात आपण असा कधीच धरला नव्हता. वाकून पायांना हात लागला होता, ताटं घेताना बोटांना बोटं लागली होती, तेवढंच. हात हलका होता, वरून सायीसारखा आणि आतून काटक्यांचा. अंगठ्याचं मूळ सुजून टणक झालं होतं. तिनं मऊ मेण त्या पेराखाली ठेवलं आणि म्हणाली, "दाबा. जेवढं दुखत नाही तेवढंच." सासूबाईंनी दाबलं. मेण अगदी थोडं दबलं. दोघींनी त्या एवढ्याशा खळग्याकडे पाहिलं आणि आता लपवायला काही राहिलं नाही हे दोघींना एकदमच कळलं.

"एवढंच येतं," सासूबाई म्हणाल्या.

"पुरे आहे," ती म्हणाली. "माझे काही पेशंट याहून हलकं चावतात."

"तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?"

"नाही. पण त्यांनी मला सांगितलंय. दुरुस्त करू नकोस, होत नाही म्हणून सांग, असं."

बाहेर कुणीतरी चादर झटकत होतं. "आणि तू मेण घेऊन बसलीस," त्या म्हणाल्या.

"मला खोटं बोलता येत नाही, आई."

"ते माहितीये गं. लग्नात मी तुला विचारलं, पोळ्या येतात का, तर भर मांडवात नाही म्हणालीस. माझी नणंद अजून तेच सांगत फिरते." आणि त्या हसायला लागल्या, आधी नाकातून, मग पोटातून, आणि हसण्यानं अंगठा पुन्हा मेणात रुतला, पहिल्यापेक्षा खोल, आणि ती ओरडली की हलू नका, आणि मग तिलाही आवरेना, तो ठसा फुकट गेला. दुसरा घेतला. तो घेताना मात्र ती गंभीर झाली आणि म्हणाली, "माझी एक अट आहे. डोळे तपासून यायचं, आणि दर वर्षी यायचं. डॉक्टर नको म्हणाले तर बटण मी काढून घेईन. मीच घेईन. त्यांना नाही घेऊ देणार." सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, व्हॅनमधल्या पोराकडे आरशातून पाहावं तसं. "काढ," त्या म्हणाल्या. "तुझाच दात आहे तो."

सोमवारी लॅबमध्ये जेवणाची सुटी झाली तेव्हा ती कामाला बसली. रबराची जाड भिंत दाबण्यातच अर्धा जोर जातो, हे तिला कळलं होतं. भिंत नको, कळीवर नुसती एक रुंद टोपी हवी, वर अंगठ्याच्या मापाचा खळगा आणि खाली एक बारीक दांडी, म्हणजे अंगठा नुसता टेकला तरी सगळा भार त्या एका टोकावर जाईल. मेणात कोरली, प्लास्टरमध्ये गाडली, मेण वितळवून काढलं, आणि उरलेल्या पोकळीत भरायला हाताशी एकच वस्तू होती, हिरडीची गुलाबी भुकटी आणि तिच्यात कालवायचा तो झोंबऱ्या वासाचा द्राव. पहिली टोपी घट्ट झाल्यावर बसवून पाहिली तर दांडी केसभर लांब; किल्ली मिटली की कळ आपोआप दाबलेलीच राहायची, किल्लीवरचा लाल ठिपका पेटून. ती त्या ठिपक्याकडे बघत बसली. इथे थांबलं तर "होत नाही" हे खरं होतं. शंभर टक्के खरं, दिव्यापुढे बसूनही म्हणता येईल असं. तिनं हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहिली की काय होतंय. काहीच झालं नाही. नुसता उजवा हात तिला न विचारता उठला आणि त्यानं घासायचा कागद उचलला. त्या हाताला वाईट काम करता येत नव्हतं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. एवढा हलका आनंद तिला फार दिवसांत झाला नव्हता, आपलं मन जे ठरवू शकलं नाही ते आपल्या हातांनी कधीचंच ठरवून टाकलंय, हा. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली बोटं चाटत आली आणि वाकून म्हणाली, "कुणाचा गं हा दात?"

"दात नाही. सासूबाईंचा अंगठा आहे."

पॉलिशवालीनं तो तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला. "माझ्याकडे दे, आरशासारखा करते. आणि जमलं तर माझ्या सासूची जीभ बनवून दे. थोडी आखूड."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ऊन अजून गच्च्यांवर होतं. सासूबाई खालीच बाकावर बसल्या होत्या, चप्पल घालून, पर्स मांडीवर. त्यांनी नुसता हात पुढे केला. काळ्या किल्लीवर मधोमध ते गुलाबी बटण असं दिसत होतं की किल्लीला हिरडी फुटलीये आणि आता दात यायचे बाकी आहेत. सासूबाईंनी अंगठा टेकवला. दाबला नाही, टेकवला. पलीकडे, कडेला लावलेल्या गाडीनं दोन्ही डोळे मिचकावले आणि चारही दारांतून तो खटका आला. सासूबाईंनी बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा बंद. गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि तिथून उघडली. झाडाआडून उघडली. पाठमोरं उभं राहून, हात मागे नेऊन, न बघता उघडली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली आणि एक बाई विचारती झाली, "ड्रायव्हरबाई, काय झालं?" "काही नाही," सासूबाई म्हणाल्या, "रुसली होती, आता बोलतेय." गॅलरीत नवरा आला. त्यानं खाली पाहिलं, गाडीचे दिवे पाहिले, बायकोकडे पाहिलं आणि आत गेला, आणि जिन्यात त्याची पावलं वाजायला लागली.

"मी तुला काय सांगितलं होतं?" तो जवळ येऊन, ओठ न हलवता म्हणाला.

"होत नाही असं सांगायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "झालं. आता काय सांगू?"

डोळे तपासायचं ठरलंय, तेही तिनं त्याला सांगितलं, आणि अंगठ्याचंही, सगळं, चंद्रकोरींसकट. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला, आणि शेवटी तिथे एक मुलगा उरला, ज्याला आईचा हात दुखतो हे बायकोकडून कळलं होतं. "मला का नाही सांगितलंस, आई," तो म्हणाला.

"तू गाडी काढून टाकायला निघाला होतास," सासूबाई म्हणाल्या. "अंगठापण काढला असतास. बस मागे."

"कुठे जायचंय?"

"जायचं कुठे ते गाडीत बसल्यावर ठरतं. बस."

तो मागे बसला, गुडघे पोटाशी घेऊन, कारण पुढची सीट मागे सरकवलेली होती आणि ती पुढे घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. सासूबाईंनी आरशात पाहून विचारलं, "पट्टा?" आणि तो मुकाट्यानं पट्टा शोधायला लागला. त्या चावी लावणार, तेवढ्यात त्यांना समोरच्या काचेवरचं पान दिसलं आणि ते काढायला त्या खाली उतरल्या. जाताना किल्ली शेजारी बसलेल्या सुनेच्या मांडीवर टाकून गेल्या. तिनं ती उचलली. दुपारभर चिमट्यानं, भिंगातून, कागदानं हाताळलेली ती वस्तू. पण स्वतःच्या अंगठ्यानं ती तिनं एकदाही दाबली नव्हती. तिनं आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. तिचा अंगठा मोठा, कामाचा, मेणानं पिवळा पडलेला; कडांना थोडा अडला आणि मग, जणू कुणीतरी आधी बसून गेलेल्या ऊबदार जागेवर सरकावं तसा, आत गेला. तिनं दाबलं नाही. बाहेर सासूबाई टाचा उंचावून काचेवर वाकल्या होत्या, ते पान निघता निघत नव्हतं, आणि मागच्या सीटवरून नवरा विचारत होता की या पट्ट्याचं टोक कुठे असतं, इतकी वर्षं या गाडीत आपण मागे कधी बसलोच नाही.